हातचे दोन शब्द

युद्धाचा इतिहास आपण वाचतो तो बहुधा सेनापतींचा, तहांचा आणि तारखांचा. लढणाऱ्या शिपायाच्या खिशात काय होते, हे सहसा कुणी विचारत नाही. आज त्या खिशातल्या एका लहानशा वस्तूविषयी बोलायचे आहे. ती म्हणजे कुणा अनोळखी माणसाने घरी बसून, स्वतःच्या हाताने केलेले आणि शिपायाला पाठवलेले शुभेच्छापत्र.

ही चाल तशी फार जुनी नव्हे. आपल्याकडे पेशवाईत फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडी बरेचसे लोक घरी परतत. गेलेल्याला ओवाळायचे, आलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. कृतज्ञता अशी समोरासमोर चाले. एकोणिसाव्या शतकात मात्र चित्र पालटले. फौजा समुद्रापार जाऊ लागल्या, वर्ष वर्ष तिकडेच राहू लागल्या. निरांजन काही आगबोटीवर पाठवता येत नाही! कागद मात्र पाठवता येतो. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागले, आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्यात. स्वस्त टपाल आणि वाढती साक्षरता, या दोहोंमुळे सामान्य माणसाचा हात दूरच्या शिपायापर्यंत पोहोचला.

अमेरिकेतील यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, ही गोष्ट स्पष्ट दिसते. उत्तरेकडील बायका 'सॅनिटरी कमिशन' या संस्थेमार्फत सैन्याला मोजे, गोधड्या, पट्ट्या पाठवीत. पुष्कळदा मोज्यात एखादी चिठ्ठी खोचलेली असे, गोधडीला चार ओळी टाचलेल्या असत. पाठवणारीला ठाऊक नसे की ही गोधडी कुणाच्या अंगावर पडणार. तरी ती लिही. ओळखीच्याला पत्र लिहिणे ही माया झाली. अनोळख्याला लिहिणे ही नागरिकाची जाणीव होय. हे नाते तिथे नव्याने जुळत होते.

यानंतर राजघराण्यांनीही हा धागा उचलला. बोअर युद्धात वृद्ध व्हिक्टोरिया राणीने स्वतः काही गळपट्टे विणून निवडक शिपायांना दिले. पुढे १९१४ च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावाने जमवलेल्या निधीतून पितळी डब्या वाटल्या गेल्या. एकट्या त्या नाताळाला चार लाखांहून अधिक! गोऱ्या शिपायाच्या डबीत तंबाखू असे. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांपैकी अनेकांसाठी मात्र खडीसाखर आणि मसाल्याची डबी अशी निराळी योजना होती, आणि सोबत शुभेच्छापत्र.

त्याच नाताळात राजाराणींनीही सैन्याला एक कार्ड पाठवले. आता गंमत पहा. ते छापील होते, लाखांनी काढलेले होते. पण त्यावरचा मजकूर आणि सह्या हस्ताक्षराच्या वळणात छापल्या होत्या. म्हणजे छापखान्यालाही हाताचे सोंग घ्यावे लागले. मला वाटते, या साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे. कार्डाची किंमत कागदात नाही, शाईतही नाही. कुणीतरी आपला वेळ माझ्यासाठी खर्च केला, हे त्यातून कळते, ही त्याची किंमत.

पण प्रत्येक हस्तलिखित पत्र मनापासूनच लिहिलेले असते, असे मात्र समजू नका. जपानात रशियाशी झालेल्या १९०४-०५ च्या युद्धापासून सैनिकांना 'इमोनबुकुरो' म्हणजे सांत्वनाच्या पिशव्या पाठवण्याची रीत पडली. १९३० नंतरच्या दशकात चीनवर स्वारी सुरू असताना शाळांतून मुलांकडून अशी पत्रे आणि चित्रे करवून घेतली जात. निबंधाच्या तासाला कृतज्ञतेचा मसुदा! मुलाचा हात खरा, पण शब्द सरकारचे. शिपायाला त्यानेही बरे वाटले असेल, नाही असे नाही. तथापि फर्मान काढून घेतलेली कृतज्ञता हा एक प्रकारचा सारा होतो, आणि तो युद्धाच्या उन्मादाला खतपाणी घालतो.

आपल्याकडे १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर घरोघर जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले गेले. आज राखीपौर्णिमा आणि दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील कितीतरी शाळांतून हाताने केलेल्या राख्या आणि कार्डे सीमेकडे जातात. जवानाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसते, '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' एवढेच असते. पहिल्या पत्त्याची पत्रे दिल्लीच्या आणि दुसऱ्याची कोलकात्याच्या लष्करी टपालकेंद्रातून पुढे जातात. पोर लिहिते पुण्यात किंवा परभणीत. कार्ड उघडले जाते कुठे, ते तिला कधी कळत नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथली माणसे सैन्यात जातात, म्हणून लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. तिथल्या मुलाला सैनिक म्हणजे काय हे कार्ड करून शिकावे लागत नाही. तो त्याचा काका असतो, मामा असतो. शिकायचे आहे ते शहरातल्या आपल्या मुलांना. म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. फळ्यावर मजकूर लिहून तो उतरवून घेऊ नका. 'तिथे थंडी किती असते?', 'तुम्ही जेवता काय?' असे मुलाला जे विचारावेसे वाटेल ते विचारू द्या. शुद्धलेखन चुकले तरी चालेल.

आणि वडीलधाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावे. १९४९ पासून ७ डिसेंबरला आपण ध्वजदिन पाळतो, तो माजी सैनिकांच्या, जखमी जवानांच्या आणि वीरपत्नींच्या मदतीसाठी. कार्ड ही ऋणाची कबुली आहे, फेड नव्हे. मुलांच्या हातचे कार्ड पेटीत पडले म्हणजे आपला हात मोकळा झाला, असे होत नाही. जखमी होऊन गावी परतलेला जवान तहसील कचेरीच्या दारात ताटकळत बसला असेल, तर त्याला खुर्ची देणे आणि त्याचा अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवणे, हेही त्याच कृतज्ञतेचे अक्षर आहे; आणि तेही हातानेच लिहावे लागते.