रॉजर्सचे नियम आणि आजीची गोष्ट

परवा १९४० सालचा 'नॉर्थवेस्ट पॅसेज' पाहिला. स्पेन्सर ट्रेसी मेजर रॉबर्ट रॉजर्स झालाय. होड्या डोंगरावरून ओढून नेणारी माणसं, दलदल, उपासमार... सिनेमा म्हणून मस्तच. पण त्यातला गावावरचा हल्ला मनात टोचत राहिला, म्हणून थोडं वाचलं.

१७५४ मध्ये उत्तर अमेरिकेत इंग्रज आणि फ्रेंचांचं युद्ध पेटलं. इंग्रजांच्या लाल डगलेवाल्या पलटणी मैदानात रांगेने लढायला शिकलेल्या. घनदाट जंगलात आणि बर्फात त्यांचं काही चालेना. तिथे गनिमी काव्याचीच माणसं हवीत! १७५६ मध्ये न्यू हॅम्पशरचा रॉजर्स रेंजर्सच्या स्वतंत्र कंपनीचा कॅप्टन झाला. पुढच्याच वर्षी त्याने २८ नियम लिहून काढले. एकामागे एक चाला, पण एका गोळीत दोघं सापडणार नाहीत एवढं अंतर ठेवा. दलदल लागली की शेजारी-शेजारी चाला, म्हणजे माग काढणं अवघड जाईल. गेलात त्या वाटेने परतू नका. पहाटे सगळ्यांना जागं करा, कारण शत्रू तेव्हाच झडप घालतो.

आणि ४ ऑक्टोबर १७५९ ला पहाटे झडप घातली ती रॉजर्सनेच! क्वेबेकमधलं सेंट फ्रान्सिस, म्हणजे अबेनाकी लोकांचं ओडानाक. तिथल्या योद्ध्यांनी इंग्रज वस्त्यांवर अनेक वर्षं हल्ले केले होते, बायकामुलंही मारली होती. त्याचा सूड घ्या, असा जनरल ॲमहर्स्टचा हुकूम होता. पण त्याच हुकुमात, बायकामुलांना हात लावू नका, असंही बजावलेलं होतं.

रॉजर्सने गाव जाळलं. निदान दोनशे मारले, असं तो लिहितो. फ्रेंच नोंदींत मेलेले सुमारे तीस, आणि त्यात वीस बायका आणि मुलं.

मग बाकीचं गाव गेलं कुठे? याचं उत्तर मिळालं अबेनाकींच्या घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत. आदल्या रात्री गावात नाच चालू होता. अंधारात एका अनोळखी माणसाने एका मुलीला गाठून सावध केलं, आणि बरेच जण बायकापोरांना घेऊन लपले. गॉर्डन डे या अभ्यासकाने विसाव्या शतकात या गोष्टी टिपून घेतल्या. तोवर त्या पिढ्यानपिढ्या नुसत्या तोंडी चालत आल्या होत्या. आज्यांनी नातवंडांना सांगत सांगत.

रॉजर्सची रोजनिशी १७६५ मध्ये लंडनला छापून आली. त्यामुळे बाहेरच्या जगाला त्याचाच आकडा माहीत झाला. पुढे त्याच्या पराक्रमावर कादंबरी आली, तिच्यावरून सिनेमा. तो स्वतः मात्र १७९५ मध्ये लंडनलाच कर्जबाजारी होऊन मेला.

रॉजर्स शूर होता, यात वादच नाही. पण त्याने किती मारले ते त्याने लिहिलं, किती वाचले ते आज्यांनी लक्षात ठेवलं. ओडानाकमध्ये अबेनाकी आजही राहतात.

असो. आपल्या घरातल्या आज्यांच्या गोष्टी कुणी लिहून ठेवल्यात का हो? मी तरी नाही. या सुट्टीत वही घेऊन बसायचं ठरवलंय.