टोळीबरोबर निघालेला उजेड

दसरा झाला की किनवट-माहूरकडच्या तांड्यांसमोर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत आधी ज्वारीची पोती चढतात, मग पत्र्याची पेटी, भांडी, बांबू, ताडपत्री, कोंबड्यांचा खुराडा आणि सगळ्यात वर माणसे. अलीकडे या सामानात गोधडीत गुंडाळलेली सोलरची प्लेट आणि बारा व्होल्टची बॅटरीही असते. पुढचे पाच-सहा महिने ऊसतोडीसाठी मुक्काम कधी सोलापूरकडे, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी थेट बेळगावच्या हद्दीत. राहायला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. तिथे खांब नसतो, मीटर नसतो आणि पहाटे चारला उठून उसाचा फड गाठायचा असतो.

वाटेवर मुक्काम करणे या मुलखाला नवे नाही. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल नांदेडला जोडले गेले. पैनगंगेच्या अंगाने सागाचे जंगल, त्यात कोलामांचे पोड, गोंडांचे गुडे आणि बंजाऱ्यांचे तांडे. या बंजाऱ्यांचे पूर्वज लमाण म्हणून दख्खनभर बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत. फौजा त्यांच्या भरवशावर चालत. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने रसदीसाठी त्यांच्यावरच भिस्त ठेवली होती. पुढे पक्के रस्ते आणि आगगाडी आली, बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला आणि तांडे जमिनीच्या तुकड्यांपाशी स्थिरावले. पण कोरडवाहू तुकड्यावर वर्ष निघेना. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागून पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याचे कंबरडे मोडले आणि मुकादमाची आगाऊ उचल घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या वाढल्या. बीडचे नाव यात सर्वात पुढे घेतले जाते, पण नांदेड-लातूरकडच्या कोयत्यांनीही याच वाटा तुडवल्या आहेत. कोयता म्हणजे इथे नवरा-बायकोची जोडी. हजेरीही जोडीची आणि खाडाही जोडीचा.

या फिरत्या घराला उजेड कशाचा, हा प्रश्न साखरेच्या इतिहासात कुणी फारसा विचारलेला नाही.

जंगलात करंजाचे नाहीतर मोहाच्या बियांचे तेल जळे. मग रॉकेल आले. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले काच कारखान्याने बनवलेला प्रभाकर कंदील एके काळी घराघरांत होता. पण टोळीच्या वाट्याला कंदील कमीच आला. काच प्रवासात फुटायची आणि रॉकेलही जास्त लागायचे. म्हणून बाटलीच्या बुचाला भोक पाडून वात ओवलेली चिमणी चालायची.

त्या चिमणीची किंमत मोठी होती. रेशन कार्ड गावच्या दुकानाला बांधलेले, त्यामुळे हक्काचे स्वस्त रॉकेल गावातच राहायचे आणि फडावर तेच चढ्या भावाने विकत घ्यावे लागायचे. ज्याची कमाई सर्वात कमी, त्याचा उजेड सर्वात महाग. वर कोपी शाकारलेली उसाच्या पाचटाची. वाऱ्याने चिमणी कलंडली तर कोपी आणि वर्षाचे धान्य पेटायला मिनिटे पुरत. म्हणून अनेक घरांत जेवण उरकले की दिवा फुंकून टाकत. मग रात्री गाडी भरायला हाक आली की अंधारात उठायचे, ट्रॅक्टरच्या हेडलाइटमध्ये मोळ्या डोक्यावर घ्यायच्या आणि फळीवरून वर चढायचे. साप-विंचवाची भीती होतीच.

बॅटरीत साठवलेली वीज अनेक खेड्यांना कळली ती टीव्हीमुळे. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ‘महाभारत’. जिथे वीज नव्हती किंवा ऐन वेळी जायची, तिथे बारा व्होल्टवर चालणारा कृष्णधवल टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला जाई. बॅटरी उतरली की सायकलच्या कॅरिअरला बांधून तालुक्याच्या दुकानात न्यायची, रात्रभर चार्जिंगला लावायची, दुसऱ्या दिवशी आणायची. अ‍ॅसिड सांडून कॅरिअर गंजे, पँटला भोके पडत. त्या दुकानांनी एक गोष्ट शिकवली: वीज उचलून नेता येते, पण ती परत भरायला दरवेळी गावाकडे धाव घ्यावी लागते. ही खेप वाचवली ती सौर प्लेटने.

सिलिकॉनचा कामाचा सौर घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९५४ मध्ये दाखवला. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७ मध्ये पहिला सौर घट आणि १९७८ मध्ये पहिले पॅनेल बनवले. महाराष्ट्रात महाऊर्जा ही राज्याची ऊर्जा विकास संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. सरकारी योजनेतला सौर कंदील ठरावीक मापाचा असे: दहा वॅटची प्लेट, सात वॅटचा सीएफएल आणि बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी. घरासाठीचा लहान संच अठरा वॅट प्लेटचा, त्याहून मोठा सदतीस वॅटचा. खरी कलाटणी दिली ती पांढऱ्या एलईडीने. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये जपानमध्ये प्रखर निळा एलईडी तयार केला आणि त्यातून पांढऱ्या उजेडाचा मार्ग मोकळा झाला. इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. सात वॅटच्या सीएफएलचे काम तीन-चार वॅटमध्ये होऊ लागले, २०१० नंतरच्या दशकात पॅनेलचे भाव सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरले आणि प्लेट आठवडी बाजारात दिसू लागली. टोळीच्या हाती ती आली ती मुख्यतः मोबाइलसाठी. मुकादमाचा निरोप आणि गावी आजीजवळ ठेवलेल्या लेकरांचा आवाज, दोन्ही त्या मोबाइलमध्येच होते.

हिशेब साधा आहे. वीस वॅटची प्लेट पाच तास चांगल्या उन्हात राहिली तर शंभर वॅट-तास येतात. तार, धूळ आणि उष्णता यांत गळून सत्तरच्या आसपास हाती लागतात. पाच वॅटचा बल्ब पाच तास लावला तर पंचवीस गेले. दोन मोबाइल भरले तर आणखी पंचवीस-तीस. म्हणजे दिवसाचे भागते. त्यात गाळपाचा हंगाम कोपीवाल्यांच्या बाजूचा. पाऊस उलटल्यावर तो सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आभाळ बहुधा निरभ्र असते. मात्र सूर्य दक्षिणेला कललेला असतो. किनवटच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम सत्तेचाळीस अंश वर चढतो. कोपीवर प्लेट आडवी टाकली तर ऊन तिरपे पडते. दक्षिणेकडे तोंड करून चाळीस-पंचेचाळीस अंशांत उभी केली तर तीच प्लेट जास्त देते. सकाळी फडावर जाण्याआधी तिला काठीचा टेकू देऊन ठेवणे आणि पाचटाची धूळ ओल्या फडक्याने पुसणे, एवढ्यानेही संध्याकाळी फरक कळतो.

दगा देते ती बॅटरीच. शिसे-आम्लाची बॅटरी निवांत असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. रोज अर्ध्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. चार्ज कंट्रोलर न बसवता प्लेट थेट जोडली तर भर दुपारी ती जादा भरते, पाणी आटते आणि शिशाच्या पट्ट्या उघड्या पडतात. आणि मोठे नुकसान होते ते हंगामाबाहेर. एप्रिलमध्ये टोळी परतते, बॅटरी घराच्या कोपऱ्यात जाते, पावसाळाभर आपोआप उतरत राहते, पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि दसऱ्याला ती उठत नाही. महिन्यातून दोनदा प्लेट अंगणात टाकून तिला एक दिवस ऊन दाखवले तरी ती पुढचा हंगाम काढू शकते. हे दुकानदाराने विकतानाच सांगायला हवे. मेलेली बॅटरी भंगारात जाते, तिचे आम्ल नालीत ओतले जाते. शिशाचे विष लेकरांना लवकर बाधते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती फडापर्यंत पोचवणे कारखान्यांना सहज जमेल. उसाच्या गाड्या रोज त्याच रस्त्याने धावतात.

एप्रिल २०१८ मध्ये देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचल्याची घोषणा झाली. मात्र विद्युतीकृत गावाच्या व्याख्येत दहा टक्के घरांत वीज पुरेशी धरली जाते. त्याच सुमारास सौभाग्य योजनेने घरोघरी मीटर दिले. किनवटच्या तांड्यांवरही अनेक घरांना ते आहेत. पण दसऱ्यापासून मार्चपर्यंत त्या घरांना कुलूप असते आणि त्यातली माणसे फडाच्या कडेला राहतात. रेशन आता देशभर कुठेही घेता येते. विजेसाठी तशी सोय अजून झालेली नाही. कोपीच्या तळावर कारखान्याने एक मोठी प्लेट, चार्जिंगचे ठिकाण आणि रात्री गाडी भरताना पुरेल एवढा उजेड दिला, तर कोयत्यामागे येणारा खर्च उचलीच्या रकमेपुढे नगण्य ठरेल. तोवर प्लेट आणि बॅटरी टोळीने स्वतःच्या पैशाने घ्यायची आणि दर वर्षी ट्रॉलीत चढवायची.