फाटकाची किल्ली आणि फाटकाचा आकडा

कर्जतहून चौकमार्गे खालापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला फार्महाउसची फाटके दिसतात. जुन्या वाडीला बांबूचे बेडे असे, फार तर एक कुलूप. आता काही फाटकांशेजारी, मोटारीच्या खिडकीच्या उंचीवर, बारा बटणांचा कीपॅड असतो. चार आकडे दाबले की फाटक आपोआप सरकते. किल्लीची जागा आकड्याने कशी घेतली, ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

बटणांची ही मांडणी टेलिफोनकडून आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने बटणांच्या अनेक मांडण्या लोकांना प्रत्यक्ष वापरायला देऊन तपासल्या आणि डायनिंजर यांनी त्याचे निष्कर्ष १९६० साली प्रसिद्ध केले. १९६३ च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियातील ग्राहकांना बटणांचा टेलिफोन मिळाला. त्यावर १-२-३ ही ओळ वर होती; गणनयंत्रावर मात्र ती खाली असते.

आकडा हीच किल्ली, ही कल्पना बँकांनी रुजवली. स्कॉटलंडचे जेम्स गुडफेलो यांनी १९६६ साली कार्ड, कीपॅड आणि गुप्त आकडा यांच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. २७ जून १९६७ रोजी लंडनमध्ये एनफील्ड येथे पैसे देणारे यंत्र सुरू झाले. त्याचे जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्याकडे शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडे होते. पण पत्नीला चारच लक्षात राहत, म्हणून चार ठरले, असे ते सांगत.

कीपॅडच्या आत काय असते? बारा बटणे चार ओळी आणि तीन स्तंभांत जोडलेली असतात, त्यामुळे सात तारा पुरतात. बटण दाबले की एक ओळ आणि एक स्तंभ जोडला जातो. आकडा जुळला की रिले मोटारीला इशारा देतो. हा रिले फाटकाच्या आतल्या बाजूला बसवावा. तो कीपॅडच्याच पेटीत असला, तर पेटी उघडून दोन तारा जोडणाऱ्याला आकड्याची गरजच उरत नाही. घाटपायथ्याचा पाऊस लक्षात घेऊन तारा पेटीत खालून घ्याव्यात. वीज गेल्यावर मोटार सोडवण्यासाठी किल्ली लागतेच!

चार आकड्यांचे १०,००० प्रकार होतात. परंतु रोजच्या वापराने बटणे झिजतात. चारच बटणे झिजलेली दिसली, तर उरतात फक्त २४ शक्यता. तीनच झिजली असतील तर? ३६! असे का, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. आकडा अधूनमधून का बदलावा, हेही त्यातून कळेल.

आणखी एक गोष्ट गणिताहून महत्त्वाची आहे. किल्ल्या मोजता येतात. आकडा किती जणांना कळला, हे मोजता येत नाही. मालक, पाहुणे, माळी, ड्रायव्हर सगळे एकच आकडा वापरतात. काही हरवले की संशय मात्र आधी जवळच्या वाडीवरच्या रखवालदारावर जातो. फाटक कोणी उघडले, हे एकच सामायिक आकडा कधीच सांगू शकत नाही. अनेक कीपॅडमध्ये प्रत्येकाला वेगळा आकडा देता येतो आणि पाहुणा गेल्यावर त्याचा तेवढा रद्द करता येतो. ही सोय वापरली, तर घराबरोबर रखवालदाराच्या अब्रूचेही रक्षण होते.