केल्याचे दुःख आणि न केल्याचे दुःख

त्रिगुणी लस टोचून आणलेले दीड महिन्याचे मूल रात्री तापाने फणफणते. मांडी सुजून लाल झालेली असते, तिला हात लावू देत नाही. आई त्याला पायांवर घेऊन थोपटत बसते, बाप अर्ध्या अर्ध्या तासाने ताप पाहतो, आणि पहाटेच्या सुमारास दोघांपैकी एकाच्या तोंडून शब्द निघून जातात, "उगाच टोचून आणलं का आपण?" दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल हसू लागते आणि प्रश्न मागे पडतो. पुढच्या मात्रेची तारीख जवळ आली की तो पुन्हा दारात उभा राहतो.

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे मानण्याची आपल्या सुशिक्षितांत रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. हा प्रश्न लसीइतकाच, किंबहुना लसीहूनही जुना आहे. इतिहासाने त्याला कधी 'भीती खरी होती' असे उत्तर दिले आहे, तर कधी 'भीती खोटी होती' असे. ही दोन उत्तरे एकमेकांपासून कशी निवडली गेली, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

प्रारंभ बोस्टनपासून करू. १७२१ साली त्या शहरात देवीची मोठी साथ आली. लस तेव्हा निघालेली नव्हती. देवीच्या रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या कातडीत घालून सौम्य देवी मुद्दाम आणावयाच्या, म्हणजे पुन्हा भय नाही, असा उपाय आशिया-आफ्रिकेत चालत असे. झब्डिएल बॉयलस्टन या वैद्याने तो बोस्टनमध्ये करून पाहिला, आणि पहिल्या प्रयोगासाठी स्वतःचा मुलगा पुढे केला. शहर खवळले. धडधाकट माणसाला आपल्या हाताने आजारी पाडणे हा वैद्याचा धर्म कसा, असा लोकांचा सवाल होता, आणि तो बिनतोड वाटत असे. साथ ओसरल्यावर मोजदाद झाली. आपोआप देवी आलेल्यांपैकी शेकडा सुमारे १४ दगावले होते. टोचून घेतलेल्यांपैकी शेकडा सुमारे २. उपाय निर्धोक नव्हता, पण न करणे सातपट धोक्याचे होते.

त्या वेळी टोचण्याच्या विरोधात लिहिणाऱ्या एका पत्राच्या छापखान्यात मालकाचा धाकटा भाऊ उमेदवारी करीत होता. तो बेंजामिन फ्रँकलिन. पुढे त्याचे मत पालटले आणि तो या उपायाचा पुरस्कर्ता झाला. तरी १७३६ साली त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीनेच गेला. मुलाला हगवण लागली होती. बरे वाटले की टोचू, म्हणून ते लांबणीवर पडले होते. टोचल्यामुळेच मूल गेले अशी अफवा उठली, तेव्हा ती खोटी आहे असे पुत्रशोकातही फ्रँकलिनला आपल्या वर्तमानपत्रात छापावे लागले. आत्मचरित्रात त्याने या गोष्टीची खंत नोंदविली आहे, आणि ती आईबापांना उद्देशून नोंदविली आहे. टोचल्याने मूल गेले तर स्वतःला क्षमा करता येणार नाही, असे जे म्हणतात त्यांना त्याचे सांगणे असे की, न टोचता गेले तरी दुःख तेवढेच असते. म्हणून त्यातल्या त्यात सुरक्षित वाट धरावी.

आमच्या मते सारा तिढा येथे आहे. केलेल्या कृतीला तारीख असते, वेळ असते, टोचणारा हात असतो. न केलेल्या कृतीला यांपैकी काहीच नसते. लसीने आलेला ताप आईला दिसतो. लसीमुळे न आलेला रोग कोणालाच दिसत नाही. त्यामुळे जमाखर्चाच्या वहीत खर्चाची बाजू ठळक शाईने लिहिलेली आणि जमेची बाजू कोरी, असे आईबापांना वाटते. ती कोरी बाजू एका घरातून वाचता येत नाही. हजारो घरे एकत्र मोजली की अक्षरे उमटू लागतात.

यानंतर साठ-सत्तर वर्षांनी, १७९६ मध्ये, इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या सौम्य देवीचा, म्हणजे गोस्तनदेवीचा, उपाय सिद्ध केला. तो आपल्याकडे आला १८०२ साली, आणि पहिल्यांदा उतरला मुंबईत. बगदाद-बसऱ्यामार्गे आलेला द्रव १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर टोचण्यात आला. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातून द्रव काढून तो इतर मुलांना टोचला, त्यांच्यावरून आणखी इतरांना. आणि अशी मुलांची साखळी करीत हा उपाय पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत गेला. बर्फाची पेटी नव्हती. मुलाचा दंड हीच पेटी होती. मराठीत 'लस' या शब्दाचा मूळ अर्थ जखमेतून वा फोडातून पाझरणारा पातळ स्राव असा आहे. आज बाटलीतून येणाऱ्या औषधालाही आपण तोच शब्द लावतो. त्या जुन्या साखळीची खूण भाषेत राहून गेली आहे. रोगाला 'देवी' म्हणावयाचे आणि टोचण्यालाही 'देवी काढणे'च म्हणावयाचे, हीदेखील त्याच काळाची खूण.

या साखळीत आपले मूल अडकू नये अशी आईबापांची धडपड असे. टोचणारा आठव्या दिवशी परत येई आणि सुजलेल्या दंडातून द्रव काढून दुसऱ्यांच्या मुलांना देई. त्याने मुलास वेदना होत. शिवाय कोणाच्या अंगातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार, हा प्रश्न असेच. आपल्या समाजात त्याला जातीचा, विटाळाचा रंग होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या भीतीचा दुसरा भाग अगदी खरा होता. १८६१ साली इटलीतील रिव्हाल्टा या गावी अशाच रीतीने टोचलेल्या ६३ मुलांपैकी चाळीसहून अधिक मुलांना उपदंशाची लागण झाली. ज्या मुलाच्या दंडातून द्रव घेतला त्याला तो रोग होता. एका दंडातून दुसऱ्या दंडात देवीबरोबर आणखी काय जाते, असे विचारणारी अशिक्षित आई तेथे अनेक डॉक्टरांपेक्षा बरोबर ठरली.

इंग्लंडने यावर काय केले ते बोलके आहे. १८५३ पासून तेथे मुलांना टोचणे सक्तीचे होते, १८६७ च्या कायद्याने दंडाचा बडगा अधिक कडक केला. गरिबांना दंड आणि प्रसंगी तुरुंग भोगावा लागे. लेस्टर गावी १८८५ साली या सक्तीविरुद्ध हजारोंचा मोर्चा निघाला. सरकारने १८८९ मध्ये चौकशी-आयोग नेमला आणि त्याच्या अहवालानंतर १८९८ च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. सद्‌सद्विवेकाला पटत नाही असे सांगणाऱ्या पालकाला सूट दिली, आणि दंडावरून दंडावर टोचण्याची पद्धत बंद करून वासरापासून काढलेल्या लसीचा मार्ग धरला. भीतीचा खरा भाग दुरुस्तीने संपला. उरलेल्या भागाला दंडुका मारणे थांबले.

आपल्याकडचा एक प्रसंग याला जोडून आठवतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन यांनी तेथेच प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखोंना ती देण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी ज्या १९ जणांना एका विशिष्ट बाटलीतील लस मिळाली होती, ते सर्व धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला, या बाजूला वजन मिळून त्यांचे नाव १९०७ मध्ये निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, १९ मृत्यू खरे होते आणि लसही खरी होती. दोन्ही सत्ये एकत्र सांगता येतात. त्यासाठी कोणत्या बाटलीतून कोणाला टोचले याची नोंद मात्र ठेवलेली असावी लागते.

आता सुरुवातीच्या त्रिगुणी लसीकडे येऊ. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची ही लस. तिच्यातील डांग्या खोकल्याचा भाग म्हणजे मारलेला अख्खा जंतू असतो, आणि ताप, सूज, रडणे यांचा बराचसा दोष त्याच्याकडे जातो. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १६ हजार मात्रांचा माग काढला होता. त्यात दर १,७५० मात्रांमागे साधारण एका मुलाला झटका आलेला आढळला, पण कायमची इजा कोणास झाली नाही. पालक घाबरतात ते या झटक्याला, आणि तो काल्पनिक नाही.

१९७४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी या लसीनंतर मेंदूचे विकार दिसलेल्या ३६ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांनी तो घरोघरी पोहोचविला. ब्रिटनमधील लसीकरण शेकडा ८० वरून ३० च्या आसपास घसरले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. जपानात लसीनंतर दोन मुले दगावल्यावर १९७५ मध्ये ही लस काही काळ थांबवण्यात आली. १९७४ साली तेथे या रोगाचे सुमारे चारशे रुग्ण होते. १९७९ साली सुमारे १३,००० रुग्ण झाले आणि ४१ जण दगावले. त्या ४१ घरांतील आईबापांनी काही केले नव्हते. न केल्याचे दुःख त्यांच्या वाट्याला आले.

मग त्या ३६ मुलांचे काय? त्यांचे आजार खरे होते, त्यांच्या आयांचे अश्रू खरे होते. ब्रिटिश संसदेने १९७९ साली अशा कुटुंबांसाठी मदतीचा कायदा केला. १९८८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने दीर्घ सुनावणीनंतर, लसीमुळे मेंदूस कायमची इजा होते हे सिद्ध झालेले नाही असा निर्णय दिला. पण न्यायालयाचे 'सिद्ध नाही' हे आईचे समाधान नव्हे. लसीने नाही तर कशाने, हा तिचा प्रश्न उरतोच.

त्याला उत्तर मिळाले २००६ साली. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी, लसीमुळे मेंदूला इजा झाल्याचे मानले गेलेल्या १४ रुग्णांची जनुकीय तपासणी केली. ११ जणांत एकाच जनुकात दोष सापडला. तो ड्राव्हे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अपस्माराशी निगडित आहे. या विकारात पहिल्या वर्षातच झटके सुरू होतात आणि ताप हे त्याचे नेहमीचे निमित्त असते. लसीचा ताप हे अनेकदा पहिले निमित्त ठरते, इतकेच. २०१० मधील पुढच्या अभ्यासात दिसले की, लसीलगत झटके सुरू झालेल्या मुलांची आणि इतरांची पुढची वाटचाल सारखीच होती. हा दोष बहुधा आईकडून वा बापाकडून आलेला नसतो, मुलातच नव्याने उद्भवलेला असतो. आपणच मुलाला उचलून दवाखान्यात नेले म्हणून हे झाले, असे स्वतःला कोसत ज्या आईने आयुष्य काढले, तिला कोणीतरी, फार उशिरा का होईना, तुझा दोष नव्हता असे पुराव्यानिशी सांगू शकले. तिला वेडी ठरवून हे साधले नसते. तिची तक्रार खरी मानून शोध घेतला म्हणून साधले.

या भीतीतून आणखी एक गोष्ट निघाली. जपानने १९८१ मध्ये अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक अंश असलेली सौम्य लस वापरात आणली. आपल्याकडे खासगी दवाखान्यांत 'पेनलेस' म्हणून जी महाग लस मिळते ती याच जातीची. ताप कमी येतो हे खरे. पण तिचे संरक्षणही लवकर ओसरते, हे नंतरच्या वर्षांत कळले. अमेरिकेत, जिथे मुलांना हीच लस दिली जाते, २०१२ साली डांग्या खोकल्याचे ४८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. १९५५ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. सरकारी केंद्रात मिळणारी, एक रात्र जागविणारी लस मूल्याने कमी असल्यामुळे गुणानेही कमी असेल, असे समजण्याचे म्हणूनच कारण नाही.

ही मोजणी लसीच्या बाजूने आधीच झुकलेली असते, अशी शंका कोणी घेईल. त्याला देवीचाच दाखला द्यावा. देवीच्या लसीने क्वचित, दहा लाखांत एखाददुसरा, मृत्यू होत असे. रोग सर्वत्र होता तोवर हा धोका पत्करण्यासारखा होता. रोग हटत गेला तसा जमाखर्च उलटला. ब्रिटनने १९७१ मध्ये आणि अमेरिकेने १९७२ मध्ये मुलांना सरसकट टोचणे थांबविले. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, १९८० साली जगातून देवी गेल्याची घोषणा झाली आणि आपल्याकडेही नव्या पिढीच्या दंडावरचे वण नाहीसे झाले. ज्या हिशेबाने टोचा म्हणून सांगितले, त्याच हिशेबाने आता टोचू नका म्हणून सांगितले.

डांग्या खोकल्याचा जंतू मात्र गेलेला नाही, आणि तो सहा महिन्यांच्या आतील मुलांना सर्वाधिक छळतो. म्हणून आमचे मत विचाराल तर ते स्पष्ट आहे: टोचून घ्यावे, आणि वेळेवर घ्यावे. मात्र पहिल्या मात्रेनंतर झटका आला असेल, मूल तासन्‌तास असह्य रडले असेल, तर ते पुढच्या मात्रेपूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि डॉक्टरांनी ते हसण्यावारी न नेता लिहून घ्यावे. ती नोंद म्हणजे लसीवरचा अविश्वास नव्हे. रिव्हाल्टा, मुलकोवाल, लंडन येथील प्रत्येक दुरुस्ती अशाच कोणाच्या तरी तक्रारीतून सुरू झाली.

पहाटे तापलेल्या मुलाला थोपटणारी आई जो प्रश्न विचारते, तो तिने विचारलाच पाहिजे. तिला रागावून गप्प करणे सोपे असते आणि 'काही होत नाही हो' म्हणून वाटेला लावणे त्याहून सोपे. तिला वहीच्या दोन्ही बाजू दाखवणे हे आपले काम आहे. त्या पाहिल्यावर ती पुढच्या तारखेला मुलाला घेऊन येईल, असा आमचा विश्वास आहे.