गॅरेजचे वाढीव बिल : ग्राहकाने काय करावे?

ब्रेक लावताना आवाज येतो म्हणून सकाळी गाडी गॅरेजमध्ये दिली जाते. ब्रेक पॅड बदलावे लागतील, साधारण साडेचार हजार रुपये खर्च येईल, असे मेकॅनिक तोंडी सांगतो. संध्याकाळी हाती पडते ते मात्र अकरा हजारांचे बिल. त्यात इंजिन ऑइल, सस्पेन्शनचे बुश, व्हील अलाइनमेंट अशी कधी न सांगितलेली कामे असतात. जाब विचारल्यावर ‘पैसे भरा आणि गाडी घेऊन जा’ एवढेच उत्तर मिळते. गाडी अडकून पडण्याच्या भीतीने बहुतेक जण निमूटपणे पैसे मोजतात. वस्तुतः अशा वेळी कायदा ग्राहकाच्या पाठीशी आहे. मात्र त्याचा लाभ घ्यायचा तर हातात कागद असावा लागतो.

जॉब कार्डाचे महत्त्व

गाडी देताना जॉब कार्ड आणि लेखी एस्टिमेट मागून घ्यावे. त्यावर करावयाची कामे, बदलायचे सुटे भाग, मजुरी, किलोमीटरचे रीडिंग आणि तारीख असावी. ‘याव्यतिरिक्त कोणतेही काम विचारल्याशिवाय करू नये’ हे वाक्य स्वहस्ते लिहावे. सही करण्यापूर्वी मागील बाजूच्या बारीक अक्षरांतील अटीही वाचाव्यात. काही ठिकाणी वाढीव खर्चाला आगाऊ संमती किंवा गाडी वेळेत न नेल्यास पार्किंगचा आकार अशा अटी तेथेच असतात. छोट्या गॅरेजमध्ये जॉब कार्ड नसल्यास ठरलेले काम आणि रक्कम मोबाइलवर संदेशाने पाठवून होकार घ्यावा. काढलेले जुने भाग परत मिळावेत, हेही आधीच सांगावे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर कष्ट वा कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. यालाच धारणाधिकार म्हणतात. मात्र ही सेवा वस्तू ज्या हेतूने सोपवली, त्याला धरून असावी लागते. त्यामुळे ठरलेल्या कामाचे पैसे थकवून गाडी मागता येत नाही. पण न सांगितलेल्या कामासाठी गाडी अडवून ठेवण्याचा गॅरेजचा दावा कमकुवत ठरतो.

‘कामाचा फायदा तुम्हालाच झाला’ असा युक्तिवाद गॅरेजचालक याच कायद्याच्या कलम ७० च्या आधारे करू शकतो. परंतु तो लाभ स्वीकारण्याची वा नाकारण्याची संधी ग्राहकाला मिळाली होती का, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरतो. म्हणूनच बिल पाहताक्षणी लेखी हरकत नोंदवणे आवश्यक आहे. मौन ही संमती मानली जाण्याचा धोका असतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार करता येते. सेवेचे बिल वा पावती न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

वाद झाल्यास

प्रथम तपशीलवार बिल मागून ते जॉब कार्डाशी ताडून पाहावे. मान्य आणि अमान्य रकमा वेगळ्या कराव्यात. मान्य रक्कम लगेच देऊ करावी. ती शक्यतो बँकेमार्फत भरावी, म्हणजे नोंद राहते. त्यानंतरही गाडी मिळत नसेल आणि तिची निकड असेल, तर पूर्ण रक्कम भरावी. मात्र बिलाच्या प्रतीवर ‘निषेध नोंदवून, हक्क राखून रक्कम भरली’ असे लिहावे. त्यास नकार मिळाल्यास त्याच दिवशी तसा संदेश वा ई-मेल पाठवावा. दुसरी चावी वापरून गाडी परस्पर नेण्याचा मोह टाळावा. त्यातून नवे वाद उद्भवतात. बिलात लावलेले भाग खरोखर बदलले आहेत का, हे अन्य मेकॅनिककडून तपासून लेखी घ्यावे.

यानंतर अमान्य रक्कम परत मागणारे पत्र पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पाठवावे. अधिकृत सर्व्हिस सेंटर असल्यास वाहन कंपनीच्या ग्राहक विभागालाही प्रत द्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन तडजोडीसाठी साह्य करते. आदेश देण्याचा अधिकार मात्र तिला नाही.

आयोगाकडे तक्रार

तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो, त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही करता येते. रक्कम परत करणे, नुकसानभरपाई व तक्रारीचा खर्च देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. वाहन व्यावसायिक कारणासाठी वापरले जात असल्यास मात्र अडचण येऊ शकते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः टॅक्सी चालवणाऱ्यास कायद्याने यातून सूट दिली आहे.

तक्रारीसोबत जॉब कार्ड, एस्टिमेट, बिल, पैसे भरल्याची नोंद, संदेशांच्या प्रती, जुन्या भागांची छायाचित्रे आणि पाठवलेले पत्र जोडावे. यांपैकी पहिले दोन कागद गाडी गॅरेजमध्ये सोडतानाच मिळवावे लागतात. त्यासाठी लागणारी पाच मिनिटे पुढील अनेक महिन्यांचे हेलपाटे वाचवू शकतात.