डोहाळ्यांचे झाड

पुण्याच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-ए-हुसैनशाही’ ही फारसी पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या हुसैन निजामशहाच्या (कारकीर्द १५५३ ते १५६५) स्तुतीसाठी ती रचली. राणी खुंजा हुमायूनशी झालेले लग्न, राणीचे रूप आणि जानेवारी १५६५ मधील तालिकोटची लढाई हे तिचे विषय. पोथीत मुळात १४ चित्रे होती, आज १२ उरली आहेत. दख्खनी लघुचित्रांचा उपलब्ध इतिहास या बारा चित्रांपासून सुरू होतो.

त्यांतल्या एका चित्रात स्त्रीचा हात लागताच झाड फुलले आहे. कलेचे अभ्यासक या प्रसंगाला ‘दोहद’ म्हणतात. मराठी घरात हाच शब्द डोहाळे होऊन रोज वावरतो. चिंचा-आवळ्यांसाठी हटून बसलेली गर्भारशीण आणि निजामशाही चित्रातले फुललेले झाड एकाच शब्दाच्या पोटची आहेत.

शब्दाच्या कुळाबद्दल मात्र वाद आहे. एका मते तो ‘दोह’ आणि ‘द’, म्हणजे दूध देणारा, असा बनला. ही व्युत्पत्ती सर्वांत लंगडी, कारण तिच्यातून ना वासनेचा उलगडा होतो ना झाडाचा. दुसऱ्या मते मूळ शब्द ‘दौर्हृद’, म्हणजे बिघडलेले हृदय, पहिल्या महिन्यांतली मळमळ. अर्थ जुळतो, पण मधला रकार कुठे गेला ते सांगताना ओढाताण होते. तिसरे मत ‘द्विहृद’ म्हणजे दोन हृदयांची. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे. तिची इच्छा ही पोटातल्या जिवाचीही इच्छा, म्हणून ती मोडू नये, असा त्यामागचा विचार. प्राकृतात दोनाला ‘दो’ आणि ‘हृ’चा ‘ह’ होतो, म्हणजे ‘दोहद’ आपोआप तयार. ‘दौर्हृद’ हे मग पंडितांनी प्राकृत शब्दाला मागाहून नेसवलेले सोवळे ठरते. पुढची वाट सोपी आहे. ‘द’चा ‘ल’ होऊन संस्कृतातही ‘दोहल’ मिळतो, त्याचा ‘दोहळ’, आणि दंशाचा डंख झाला तसा दोहळाचा डोहाळा.

झाडालाही डोहाळे लागतात, ही संस्कृत कवींची भर. अशोकाला तरुणीची लाथ हवी, बकुळीला तिच्या तोंडच्या मद्याची चूळ, कुरबकाला मिठी. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राणी धारिणी झोपाळ्यावरून पडून पाय दुखावून बसते, म्हणून अशोकाला लाथ मारायला मालविकेला पाठवावे लागते. डोहाळजेवणात आजही फुलांची वाडी भरून गर्भारशिणीला झोपाळ्यावर बसवतात. हिरवे लुगडे, दंडात, गळ्यात आणि केसांत मोगऱ्या-शेवंतीचे दागिने. बाईमुळे झाड फुलायचे, इथे बाईच झाड होऊन फुलते. हा धागा ग्रंथांत कुणी बांधून ठेवलेला नाही, पण तो नाकारणे कठीण आहे.

निजामशाहीच्या चित्रकाराला हा प्रसंग सापडला कुठे? नाटकातून म्हणावे, तर नाटकात पाय आहे आणि चित्रात हात. हात फांदीवर ठेवून उभी असते ती शिल्पातली शालभंजिका. अकोले तालुक्यातले टाहाकारी आणि श्रीगोंद्यातले पेडगाव येथील देवळांच्या भिंतींवर सुरसुंदरींची, म्हणजे अशाच स्त्रीशिल्पांची, रेलचेल आहे, आणि ही देवळे नगरचे तख्त उभे राहण्याच्या कितीतरी आधीची. फारसी मजकुराला चित्र देणाऱ्याचे डोळे देवळांवर वाढलेले असावेत, हा तर्क म्हणून सर्वांत पटतो.

प्रतिपक्षही आहे. पोथीतल्या बायकांची चोळी आणि गोंडे लावलेल्या लांब वेण्या उत्तरेकडच्या, माळव्याच्या चित्रांशी जुळतात. अंगाभोवती फिरलेले लांब वस्त्र लेपाक्षीच्या विजयनगरी भित्तिचित्रांतले, आणि सोनेरी आकाश व उंच क्षितिज इराणी. तेव्हा कारागीर माळव्यातल्या मांडूहून आले किंवा तालिकोटला विजयनगर हरल्यावर दक्षिणेतून, अशी मते निघतात. वेशभूषेपुरती ती ग्राह्य आहेत. पण झाडाला हात लावणाऱ्या बाईसाठी कुणाला मांडूपर्यंत जाण्याची गरज नव्हती.

पोथीतल्या काही चित्रांत राणी राजाशेजारी बसलेली होती. ‘होती’ म्हणायचे, कारण त्यांतल्या बहुतेक चित्रांत तिची आकृती पुसून टाकली आहे. हुसैन १५६५ मध्येच वारला, खुंजा हुमायूनने अज्ञान मुलगा मुर्तजा याच्या नावाने कारभार हाकला, आणि १५६९ मध्ये मुलानेच तिला कैद केले. रंग खरवडण्यामागे हेच राजकारण असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्त्रीचे चित्र पाहणे नंतरच्या एखाद्या मालकाला खपले नसेल, असा दुसरा तर्क करता येईल. पण मग इतर बायका जागच्या जागी कशा राहिल्या?

ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेली पोथीची इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती १९८७ मध्ये मंडळाने काढली. नगर शहरात १९६० पासून स्वतःचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. नगरच्या दरबाराचे हे चित्र पाहायचे तर मात्र पुण्यालाच जावे लागते.