तीन राज्यांची कार्डं आणि एक आजारी माणूस

मंडळी, जांबोटीचा पाऊस, जत्रा, शाळा यांवर या पानावर पुष्कळ लिहून झालं. आज दवाखान्याबद्दल. आपल्या घराघरांत एका डब्यात रेशन कार्डाशेजारी आरोग्याची दोन-तीन कार्डं रबर लावून ठेवलेली असतात. ही इतकी कार्डं आली कुठून? त्यामागे डॉक्टर लोकांचा ऐंशी वर्षांचा वाद आहे. तो आपल्यापर्यंत कसा पोचला ते सांगतो.

वाद थोडक्यात असा. एक बाजू म्हणते, सगळ्यांनी कर भरावा, तो पैसा एका तिजोरीत जावा आणि प्रत्येकाच्या उपचाराचा खर्च त्याच तिजोरीतून व्हावा. गरीब-श्रीमंत, शेतकरी-नोकरदार असला भेद नको. दुसरी बाजू म्हणते, हे एकदम झेपणार नाही. आधी गरिबांना द्या, मग शेतकऱ्यांना, मग बाकीच्यांना. पायरी-पायरीनं चढू.

दोन्ही विचार स्वातंत्र्याच्या आधीचे आहेत. नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यावर एक उपसमिती होती. तिचे प्रमुख होते मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिब सिंग सोखी. सरकारनं सगळ्या देशासाठी एकच आरोग्य यंत्रणा उभारावी आणि दर हजार माणसांमागे एक आरोग्यसेवक तयार करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मग १९४३ मध्ये इंग्रज सरकारनं भोर समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळ नाशिकचे, आणि सभासदांत कामगार पुढारी ना. म. जोशीही होते. १९४६ च्या अहवालाचं सार असं की, पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचाराविना राहू नये.

पण याच अहवालात दोन आराखडे होते. लांबचा आराखडा फार मोठा होता: दर दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचा दवाखाना. जवळचा आराखडा छोटा होता: ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. छोटा तात्पुरता म्हणून सांगितलेला. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेत आरोग्य केंद्रं सुरू झाली, ती त्याच वळणाची. मोठा आराखडा कपाटातच राहिला. तात्पुरतं म्हणून घातलेलं पत्र्याचं छप्पर कायमचं व्हावं, तसं झालं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. भाषेचं दुःख आपण सगळे जाणतोच. पण आरोग्य हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय, म्हणजे त्या दिवशी आपली तिजोरीही बदलली. हे तेव्हा फारसं कुणाच्या ध्यानात आलं नसेल, कारण तेव्हा कार्डं नव्हतीच.

कार्डांचा काळ आला २००३ मध्ये. डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून कर्नाटकात यशस्विनी योजना सुरू झाली. सहकारी सोसायटीच्या सभासदानं वर्षाला माणशी ६० रुपये भरायचे आणि ठरलेल्या दवाखान्यात ऑपरेशन करून घ्यायचं. सोसायटीचं जाळं आपल्याकडे होतंच. पण सोसायटीचा सभासद नसलेला शेतमजूर बाहेर, आणि रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही बाहेर. २०१८ मध्ये ही योजना बंद होऊन 'आरोग्य कर्नाटक'मध्ये मिसळली, आणि २०२२ मध्ये परत सुरू झाली.

२०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री आली, ती दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी. हृदय, कॅन्सर, मूत्रपिंड असले मोठे आजार, हप्ता काही नाही. ती आधी उत्तर कर्नाटकात लागू झाली, दक्षिणेत नंतर. म्हणून संशोधकांना योजना असलेली आणि नसलेली शेजारशेजारची गावं ताडून बघता आली. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापून आला. योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू योजना नसलेल्या गावांत ०.९० टक्के, तर योजनेच्या गावांत ०.३२ टक्के. म्हणजे पायरीवाल्यांचं म्हणणं पोकळ नाही. त्या पायरीनं माणसं वाचली.

दुसऱ्या बाजूचे डॉक्टरही गप्प नव्हते. पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि जन आरोग्य अभियानातली मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली की कार्ड ऑपरेशनपुरतं असतं, आणि घर बुडतं ते रोजच्या औषधात आणि तपासण्यांत. नियोजन आयोगानं नेमलेल्या डॉ. श्रीनाथ रेड्डी गटानंही २०११ मध्ये तेच सुचवलं. कराचा पैसा वापरा, विमा कंपन्या मध्ये नकोत, सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर न्या. झालं मात्र उलटं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली आणि डब्यात आणखी एका कार्डाची भर पडली.

आता जांबोटीकडे या. कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथं २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, उत्पन्नाची अट नाही, पण पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यालाच. २०१८ पासून बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात गोव्याबाहेरच्या पेशंटला शुल्क लागू झालं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देऊ केली, तर कर्नाटकानं हरकत घेतली. प्रत्येक सरकारला आपलं कारण खरंच वाटतं. मधे उभा असतो तो पेशंट.

रोगाला मात्र असली सीमा नाही. माकडताप १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात सापडला. २०१५-१६ च्या सुमारास तो गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गात दिसला. आणि काजूच्या बागांत मजुरीला गेलेली बेळगाव जिल्ह्यातली माणसं तो घेऊन घरी परतली. गोचीड आधार कार्ड विचारत नाही.

मला वाटतं, दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत. पायरीनं चढायला हरकत नाही, पण सगळ्या पायऱ्या एकाच जिन्याच्या हव्यात. आपल्याकडे प्रत्येक सरकारनं आपापला वेगळा जिना बांधला, आणि कुठलाच माडीपर्यंत पोचला नाही. कार्ड नवं आलं की दोनच प्रश्न विचारावेत. रोजची गोळी यात मिळते का? आणि घाट उतरल्यावर हे चालतं का? दोन्हीचं उत्तर 'हो' येईल तेव्हा वाद मिटला म्हणायचं.

तुमच्या घरी १९५६ च्या आधीची, मुंबई राज्यातल्या दवाखान्याची आठवण कुणाला असेल, तर म्हाताऱ्या माणसांना विचारून खाली जरूर लिहा. ती माणसं आता थोडीच राहिलीत.